न गळणाऱ्या पत्र्याखालचं पाणी

मावळात पत्र्याच्या शेडची कामं करणाऱ्याला थंडीत एक तक्रार हमखास ऐकावी लागते. पावसाळा सरून दोन-अडीच महिने झालेले असतात, आभाळात ढगाचा ठिपका नसतो, आणि फोनवरचा माणूस सांगतो की पत्रा गळतोय. सकाळी जाऊन पाहावं तर भाताच्या पोत्यांवर थेंब, ट्रॅक्टरच्या सीटवर थेंब, कोब्यावर ओळीने ओले ठिपके. शिडी लावून वर चढावं, स्क्रूचे वॉशर तपासावेत, ओव्हरलॅप पाहावा, तर सगळं ठाकठीक. कारण ते पाणी बाहेरून आलेलंच नसतं.

निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आभाळाकडे फेकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी गार होतो. खालची हवा दमट असते. गुरांचा श्वास, ओला कोबा, पाण्याची पिंपं, नुकतंच झोडपलेलं भात, सगळीकडून तिच्यात वाफ मिसळत असते. ती हवा गार पत्र्याला लागली की वाफेचं पाणी होतं आणि पन्हाळीच्या खोलगट भागातून थेंबाथेंबाने खाली पडतं. आमच्याकडे म्हणतात, पत्र्याला घाम आला. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ वासासाठी ओळखला जातो. पण तेच भात अशा शेडमध्ये ठेवलं की पोत्याच्या वरच्या थराला बुरशीचा कुबट वास लागतो. पिकवणाऱ्याचे वर्षाचे कष्ट आणि त्यावर एका रात्रीचा घाम. हे बघवत नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीला हा त्रास नव्हता. भिंती कारवीच्या कुडाच्या, त्यावर शेणमातीचा गिलावा. वर भाताच्या पेंढ्याचं छप्पर किंवा कौलं. पेंढ्याच्या काडीकाडीत हवा अडकलेली असते आणि अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. कौलांच्या फटींतून वाफ निघून जायची. पावसाच्या आधी शाकारणी व्हायची, घाटाकडून येणारी झड अडवायला पश्चिमेच्या भिंतीला पेंढ्याचे ताटवे बांधायचे. हे सगळं दरवर्षी करावं लागे आणि त्याला माणसं लागत. माणसं चाकण-तळेगावच्या कारखान्यांत गेली, पेंढा विकला जाऊ लागला आणि पत्रा आला. पत्र्याने पाऊस अडवला, यात शंका नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वडगावला त्याच्या निम्म्याहूनही कमी, पण तोही आडवा-तिडवा मारतो. पत्र्याने तो बाहेर ठेवला, ऊन आणि थंडी मात्र जशीच्या तशी आत घेतली.

मला या विषयात खोल उतरावं लागलं ते गुलाबामुळे. पवन मावळातल्या एका फूल उत्पादकाकडे जुनी शेड होती. लोखंडी पाइपचे खांब, अँगलच्या ट्रस, सी परलिन, वर गॅल्व्हनाइज्ड पत्रा. बाजूंना तीन फूट वीटकाम आणि त्यावरही पत्राच. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात मावळातल्या कित्येक पॉलिहाउसचा कागद फाटला, सांगाडे वाकले. त्याच वर्षी मार्चपासून टाळेबंदीने फुलांचा बाजार बसलेला होता. अशा दुहेरी माराने अण्णांकडे, म्हणजे या शेतकऱ्याकडे, नवीन इमारत बांधण्याइतका पैसा उरलेला नव्हता. होती तीच शेड त्यांना ग्रेडिंग हॉल म्हणून वापरायची होती. कोपऱ्यात तयार पफ पॅनेलची छोटी शीतखोली दोन ते चार अंशांची, आणि उरलेल्या हॉलमध्ये पंधरा अंशांच्या आसपास तापमान.

गुलाबाचं गणित ज्याला ठाऊक नाही त्याला वाटेल, फुलांसाठी एवढा खटाटोप कशाला? मावळातून व्हॅलेंटाइनचा माल परदेशी जातो, त्याची तोडणी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होते आणि फेब्रुवारीच्या दहा तारखेच्या आतबाहेर संपते. त्या जेमतेम दोन आठवड्यांसाठी डिसेंबरात छाटणीची तारीख धरलेली असते. कळी तोडली की लगेच पाण्यात, मग गारव्यात. दांडीची लांबी मोजून प्रत लावायची, वीस-वीसच्या जुड्या करायच्या, कळ्यांभोवती पन्हाळी पुठ्ठा गुंडाळायचा. या सगळ्यात पाकळीवर पाण्याचा एक थेंब बसून राहिला तर तिथे बोट्रायटिसची बुरशी धरते. इथून निघताना डाग दिसत नाही. खोका तिकडे उघडला जातो तेव्हा दिसतो. म्हणजे ज्या महिन्यात पत्र्याला घाम येतो, नेमक्या त्याच महिन्यात त्याच्याखाली वर्षाचा सगळ्यात महागडा माल पडलेला असतो.

अण्णा सुरुवातीला म्हणाले, ‘‘खालनं थर्माकोल चिकटवून टाक, झालं.’’ हेच बहुतेक ठिकाणी होतं. परलिनच्या मधल्या मोकळ्या जागेत शीट कापून बसवायचं, वरून सिलिंग. दिसायला छान. पण परलिन लोखंडाची आहे आणि ती तशीच पत्र्यापासून आतपर्यंत आलेली आहे. थर्माकोलच्या मानाने लोखंडातून उष्णता हजार पटीहून जास्त वेगाने जाते. मधली जागा कितीही भरा, प्रत्येक परलिनच्या रेषेत ऊन आत येणार आणि थंडीत त्याच रेषेत पाणी धरणार. म्हणून थर सलग हवा, परलिनच्या मध्ये नव्हे तर परलिनच्या खाली. त्याने हॉलची उंची अर्धा फूट कमी होते आणि गिऱ्हाइकाला ते आवडत नाही. या मुद्द्यावर मी कुणाचंही ऐकत नाही.

जाडी किती, हे मात्र हिशोबाने ठरतं. हॉल चाळीस फूट बाय वीस फूट, छत साधारण ७४ चौरस मीटर. एप्रिलच्या दुपारी पत्रा साठ अंशांवर जातो, आत पंधरा हवेत. पत्रा उघडाच ठेवला तर छतातूनच वीस किलोवॅटच्या घरात उष्णता आत येते. एक टनाचं यंत्र साडेतीन किलोवॅट उपसतं, म्हणजे फक्त छतासाठी सहा टन लागतील. पन्नास मिलिमीटर थर्माकोल लावला की तीच उष्णता दोन किलोवॅटच्या थोडी वर येते. शंभर लावला की अकराशे वॅटच्या आसपास. दीडशे लावला तर त्यातून आणखी साडेतीनशे-चारशे वॅटच कमी होतात. पहिल्या दोन इंचांत जी कमाई आहे ती पुढच्या इंचांत नाही. आम्ही शंभरवर थांबलो, पन्नास-पन्नासचे दोन थर. पफ, म्हणजे पॉलियुरेथेन, याहून सरस आहे, त्याच जाडीत जवळपास दीडपट काम करतो. पण तयार पॅनेल बसवायला सांगाडा सरळ लागतो आणि त्या जुन्या शेडमध्ये एकही ट्रस दुसऱ्याच्या ओळीत नव्हती. सुटं शीट सुरीने कापून वाकड्या जागेत बसवता येतं, हा त्याचा मोठा गुण.

थर्माकोल विकत घेताना मी वजनकाटा बरोबर नेतो. एक मीटर बाय अर्धा मीटर, पन्नास मिलिमीटर जाड शीट वीस घनतेचं, म्हणजे घनमीटरला वीस किलोचं असेल तर ते पाचशे ग्रॅम भरलं पाहिजे. पंधराचं पावणेचारशे भरतं. वीसचं म्हणून दिलेलं शीट तीनशे ग्रॅम भरलं तर ती बारा घनता आहे, खोक्यात टीव्हीभोवती घालायची. असा हलका माल दाबला की बसतो, कडा झडतात आणि सांधा उघडा पडतो. भारतीय मानक आयएस ४६७१ नेमकं या वापराच्या थर्माकोलसाठी आहे, आणि बिलावर घनता व आग-विरोधक प्रत लिहून मागण्याचा प्रत्येक गिऱ्हाइकाला हक्क आहे. मी आणखी एक करतो. शीटची एक काडी कापून उघड्यावर, वारा नसताना पेटवून बघतो. ज्योत बाजूला घेतली की आग-विरोधक शीट लगेच विझतं. जे जळत राहतं आणि पेटते थेंब गाळतं ते मी परत पाठवतो.

कामाचा हंगाम दिवाळी ते होळी. पावसाळ्यात पत्रा आणि भिंत इतकी ओलसर असते की टेप धरत नाही. आणि क्रम ठरलेला: आधी लोखंडाचं सगळं काम. गंजलेले जे-बोल्ट बदलले, वादळात सैल झालेल्या ट्रसना ब्रेसिंग दिलं, कारण थर्माकोलने शेडला ताकद येत नाही, उलट एकदा झाकल्यावर आतला गंज दिसत नाही. वेल्डिंगचं यंत्र जागेवरून निघून गेल्याशिवाय मी थर्माकोलची गाडी आवारात येऊ देत नाही. वेल्डिंगची एक ठिणगी शीटच्या ढिगात पडली तर काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला हा नियम सांगावा लागत नाही.

मग परलिनच्या खाली उताराच्या दिशेने लाकडी पट्ट्या, वाळवी-औषध मारलेल्या. त्यांच्या खालून जाड पॉलिथिनचा कागद सलग, प्रत्येक जोड हातभर एकमेकांवर घेऊन टेपने बंद. पत्र्याला घाम यायचा तो येणारच, तो मी थांबवू शकत नाही. पण आता तो थेंब फुलावर पडत नाही, कागदावर पडतो आणि पट्ट्यांच्या मधून उताराने वाहत पागोळीबाहेर जातो. कागद आणि पत्रा यांच्यात दोन-तीन इंच हवा खेळती ठेवली, खाली पागोळीशी वाट आणि वर आढ्याला झाकलेली फट, दोन्हींना बारीक जाळी. त्या हवेने उन्हाळ्यातली गरमीही बरीच बाहेर जाते. थर्माकोल ऐंशी अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो, तापलेल्या पत्र्याला तो थेट चिकटवणं मुळातच चुकीचं.

कागद वरच्या बाजूला का, हा प्रश्न माझ्या बरोबरच्या पोरांनी विचारला, आणि तो विचारायलाच हवा. थंड देशांतल्या पुस्तकांत आणि चित्रफितींत तो आतल्या बाजूला दाखवतात. तिथे घर आतून उबदार आणि बाहेर बर्फ, वाफ आतून बाहेर जाते. आमचा हॉल आतून गार आणि बाहेर जुलैची हवा. चोवीस अंश तापमान आणि पंचाण्णव टक्के आर्द्रता असली की तेवीस अंशांवर असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. आपला हॉल तर पंधरावर. वाफ बाहेरून आत घुसायला बघते आणि थर्माकोलच्या आत कुठेतरी तिचं पाणी होतं. कागद आतल्या बाजूला लावला तर ते पाणी शीटमध्येच कोंडलं जातं, दोन-तीन पावसाळ्यांत शीट जड होतं आणि निकामी होतं. म्हणून वाफेचा अडसर नेहमी गरम बाजूला. शीतगृहं बांधणारे जुने कारागीर हे काम पूर्वीपासून करत आले आहेत. ते भिंतीला ८५/२५ प्रतीचं ब्लोन बिटुमेन गरम करून फासतात आणि त्यावर थर्माकोलचे दोन थर चढवतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे.

कागदाखाली पहिला थर, परलिनपर्यंत जाणाऱ्या लांब स्क्रूने आणि रुंद प्लास्टिक वॉशरने. या थरातच खाचा पाडून लाकडी पट्ट्या बसवल्या आणि दुसऱ्या थराचे स्क्रू फक्त त्या पट्ट्यांत घेतले, म्हणजे एकही लोखंडी खिळा पूर्ण जाडी पार करत नाही. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत, वीटकामात जसा बंध मोडतात तसा मोडायचा. चिकटवायला पाण्यावरचा गोंद. दुकानात मिळणारा रबरी गोंद किंवा थिनर असलेलं काहीही थर्माकोलला लागलं की ते विरघळून खड्डा पडतो. वायरीही शीटला थेट टेकू द्यायच्या नाहीत, पाइपातून न्यायच्या. पीव्हीसी वायरीतलं मऊपणा देणारं द्रव्य थर्माकोल ओढून घेतो आणि काही वर्षांत आवरण तडकतं. हे इलेक्ट्रिशियनला समजावायला वेळ लागतो, पण तो वेळ द्यावा.

आणि मग सांधे. सगळ्यात जास्त दिवस त्यातच गेले. जिथे भिंतीचा थर छताच्या थराला भेटतो, जिथे पाइपचा खांब आडवा येतो, दाराची चौकट, ड्रेनचा पाइप, वायरीचं भोक. शीट बसवणं माझी पोरं दोन तासांत शिकली. पण खांबाभोवती बोटभर फट सोडून, ती फोमच्या बाटलीने भरून, फुगलेला फोम वाळल्यावर सपाट कापून, वर ॲल्युमिनियमची टेप मारणं, हे हाताला यायला महिने लागतात. फट कितीही बारीक असो, तिच्यातून हवा येते आणि हवेबरोबर येणारी वाफ ही शीटमधून झिरपणाऱ्या वाफेच्या कितीतरी पट असते. गिऱ्हाईक जाडीचे पैसे देतं, सांध्यांच्या मजुरीवर घासाघीस करतं. मी जाडी पंचवीस मिलिमीटरने कमी करायला तयार असतो, सांध्यांचा दिवस कमी करायला नाही.

भिंतीच्या तळाशी थर्माकोल कोब्याला टेकवला नाही. खालची पट्टी निळ्या एक्सपीएस बोर्डाची घेतली. तो पाणी जवळजवळ पीत नाही, आणि हॉल रोज धुतला जातो. त्याच्याबाहेरून पत्र्याची पट्टी आणि बारीक जाळी, कारण उंदरांना हा फोम खायला नाही तर पोखरून राहायला फार आवडतो आणि मुंग्यांनाही. आतून सगळीकडे फायबर सिमेंटचे बोर्ड. अण्णांना त्यावर चकचकीत ऑइल पेंट हवा होता, मी साधा डिस्टेंपर मारायला लावला. चुकून आत शिरलेली वाफ निदान आतल्या बाजूने तरी सुकून जावी.

सिमेंट बोर्डाबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. नुसता थर्माकोल उघडा ठेवून खाली माणसं कामाला बसवणं मला मान्य नाही, मग बिलात कितीही फरक पडो. आग-विरोधक शीटसुद्धा सतत आग लागत राहिली तर जळतंच आणि काळा, गुदमरवणारा धूर सोडतं. त्या हॉलमध्ये हंगामात आसपासच्या वाड्यांतल्या बायका रात्री उशिरापर्यंत उभ्या राहून जुड्या बांधतात. दार एकच होतं. समोरच्या बाजूला दुसरं, बाहेर उघडणारं दार काढल्यावरच मी काम पूर्ण झालं असं म्हटलं.

खरी परीक्षा फेब्रुवारीत नाही, जुलैत झाली. पवनेच्या बाजूला झड लागली होती. मी तापमापकाची बंदूक घेऊन छताचा कोपरान् कोपरा पाहिला. एका खांबाजवळ बोर्ड बाकीच्यापेक्षा दोन अंशांनी गरम लागला, तिथली टेप सुटत होती, ती बदलली. बाकी सगळं कोरडं. ग्रेडिंग टेबलवरच्या एक मावशी म्हणाल्या, ‘‘आधी दर सकाळी टेबल पुसायला एक बाई लागायची. आता स्वेटर तेवढा घालावा लागतो.’’ आवाजाचा फरकही त्यांनीच सांगितला. उघड्या पत्र्यावर पावसाचा मारा असा की शेजारणीशी बोलायला ओरडावं लागे. आता त्या कामाच्या वेळी गप्पा मारू शकतात. मी हिशोबात आवाज धरलाच नव्हता.

हे काम पाहून नाणे मावळातल्या एका दूधवाल्या मामांनी म्हशींचा गोठा असाच बंदिस्त करून मागितला. मी नाही म्हणालो. गोठा गार नाही, उबदार असतो, वाफ आतून बाहेर जाते, म्हणजे अडसराची बाजूच उलटते. त्याहून महत्त्वाचं, म्हशींच्या मुताचा अमोनिया बाहेर पडलाच पाहिजे, नाहीतर गुरांची फुप्फुसं खराब होतात. तिथे छताखाली पन्नास मिलिमीटरचा थर, त्याच्या खालच्या, उबदार बाजूला कागद, त्यावर पत्र्याचं आवरण, आढं मोकळं आणि भिंती वरून फूटभर उघड्या, एवढंच केलं. पश्चिमेला झडीसाठी ताटवे बांधायला सांगितले, पेंढ्याचेच. मामांच्या आईंना ते बांधता येत होते, त्यांनी बसून नातवाकडून करून घेतले.

मला अजून न सुटलेली अडचण तुकड्यांची आहे. कुठल्याही कामात शीटचे कापलेले काठ आणि कुसकरा पोत्यांनी निघतो. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या ताटवाट्या आणि मखरं बंद झाली, बांधकामाच्या तुकड्यांचं मात्र कुणी विचारत नाही. वजन नसल्यासारखं आणि जागा भरपूर, म्हणून भंगारवाला उचलत नाही. वाऱ्याने उडाला की तो ओढ्यातून पवनेत आणि इंद्रायणीत जातो. आता आम्ही कापण्याची जागा तिन्ही बाजूंनी ताडपत्रीने बंद करतो, आरीऐवजी तापलेल्या तारेने कापतो म्हणजे दाणे उडत नाहीत, आणि उरलेले तुकडे हाताने मोकळे करून सिमेंट-वाळूत मिसळतो. त्याचा हलका कोबा होतो, वजन पेलायला नाही, पण गच्चीच्या उताराखाली भरायला चालतो. मावळात शेडची कामं करणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. प्रत्येकाने आपापले तुकडे पोत्यात भरून वडगावला एका ठिकाणी आणले तर असा कोबा करायला पुरेसा माल रोज जमेल, त्यासाठी जागा द्यायची माझी तयारी आहे.